मानेच्या ‘सात सूत्रां’चा मेसेज: नको तिथे भीती, नको तिथे धीर

‘मान-खांदेदुखीपासून कायमची मुक्ती, सात सोपी सूत्रं’ हा मेसेज पंधरा दिवसांत मला पाच ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला आणि माझ्याकडेच व्यायामाला येणाऱ्या एका काकूंनी “मॅडम, हे खरंय का हो?” म्हणून पाठवला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे असे मेसेज नवे नाहीत. एरवी सोडून देते. पण हा लिहिणाऱ्याने एक गोष्ट फार पद्धतशीर केली आहे. जिथे घाबरायचं कारण नाही तिथे तो घाबरवतो, आणि जिथे पळत दवाखाना गाठायचा तिथे ओवा खाऊन झोपायला सांगतो. म्हणून सगळ्यात धोकादायक सूत्र आधी घेते, क्रमांक गेला चुलीत.

सूत्र सातवं: “डावा खांदा किंवा मान दुखली तर तो वायू. गरम पाण्यातून ओवा-काळं मीठ घ्या, शेका आणि झोपा.”

हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या तारा आणि खांदा-हाताकडून येणाऱ्या तारा मज्जारज्जूत जवळपास एकाच पातळीवर शिरतात. दुखतंय नेमकं कुठे, यात मेंदूची गफलत होते. म्हणून हृदयाला रक्त कमी पडलं तरी खांदा, हात, मान, जबडा दुखू शकतो. खांद्याचं दुखणं बहुतेकदा हात एका विशिष्ट दिशेला नेला की वाढतं. हृदयाचं दुखणं अनेकदा जिना चढताना येतं, थांबलं की ओसरतं, आणि हात कसाही फिरवला तरी त्यात फरक पडत नाही. सोबत दरदरून घाम, दम लागणं किंवा मळमळ असेल तर १०८ ला फोन करा. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये छातीत दुखल्याशिवायही झटका येऊ शकतो. शंका असेल तर ईसीजी काढा. तो नॉर्मल आला म्हणून कुणी हसत नाही, आणि हसलं तर हसू दे.

सूत्र तिसरं: “मान आखडली की सलूनमध्ये मालिश करून दोन्ही बाजूंना कट काढून घ्यावा. नस मोकळी होते.”

तो ‘कट’ आवाज नस मोकळी झाल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, तिचा असतो. नंतर थोडा वेळ हलकं वाटतं हे खरं, आणि म्हणूनच लोक पुन्हा जातात. आता मानेची रचना पाहा. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात आणि अगदी वर, कवटीपाशी, वळणं घेतात. मान बेसावधपणे झटक्यात पिळली तर या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. तिथे गुठळी होते, ती वर गेली की पक्षाघात. हे क्वचित घडतं, पण तरण्याताठ्या माणसालाही होतं आणि कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी कळतं. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, तोल जाणं, किंवा मानेत एका बाजूला पूर्वी कधीच झालं नव्हतं असं तीव्र दुखणं, यातलं काहीही झालं तर थेट मोठं हॉस्पिटल. केस कापणाऱ्या दादांना आधीच सांगून ठेवा: “डोक्याला मालिश करा, पण मान मोडू नका.” मी स्वतः माझ्या नवऱ्याच्या सलूनवाल्याला फोन करून सांगितलंय.

सूत्र पहिलं: “मानेत कुरकुर म्हणजे मणक्यात गॅप. ताबडतोब एमआरआय काढा, नाहीतर अर्धांगवायू.”

‘मणक्यात गॅप’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की रिपोर्ट हातात नसतानाही लोक तो सांगतात. गंमत अशी की वयाबरोबर मणक्यांमधली गादी सुकते, तिची उंची घटते. म्हणजे गॅप येत नाही, असलेला कमी होतो.

जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या १,२११ निरोगी लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या थोड्याफार बाहेर आलेल्या दिसल्या. विशीतल्या मुलामुलींमध्येही हे प्रमाण निम्म्याच्या बरंच वर होतं, आणि त्यांना काहीही होत नव्हतं! तेव्हा नुसत्या कुरकुरीसाठी फोटो काढला तर त्यात काहीतरी सापडणारच. मग माणूस रिपोर्ट घडी करून पाकिटात ठेवतो, मान वळवायला घाबरतो, बादली उचलणं सोडतो, आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं.

एमआरआय लागतो तो वेगळ्या खुणांसाठी. शर्टाची बटणं लावताना बोटं गोंधळतात, हातातली वस्तू निसटते, चालताना पाय जड पडतात, चप्पल पायातून सुटते आणि कळतच नाही, लघवीवरचा ताबा जातो. यात मान फारशी दुखतही नसेल, आणि म्हणूनच हे अंगावर काढलं जातं. मज्जारज्जू दाबला जात असल्याच्या या खुणा आहेत. मेसेजमध्ये यातली एकही नाही.

सूत्र दुसरं: “मोबाईल पाहताना मानेवर २७ किलो वजन पडतं, मणके झिजून जातात.”

हा आकडा हवेतला नाही. न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या मणक्याच्या सर्जननी २०१४ मध्ये तो मांडला. पण तो संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला, मान ६० अंश वाकल्यावरचा हिशेब आहे. कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेला नाही, आणि त्याने मणके झिजतात हे त्यात सिद्धही केलेलं नाही. सोनार, शिंपी, तांदूळ निवडणाऱ्या आज्या मोबाईलच्या आधीपासून मान खाली घालून बसत आल्या आहेत. दुखतं ते तासन् तास एकाच अवस्थेत राहिल्याने. अर्ध्या तासाने उठा, खांदे फिरवा, पाणी प्या. मान वाकवणं हा गुन्हा नाही.

सूत्र पाचवं: “मानेचा पट्टा किमान तीन महिने, झोपतानाही.”

नाही. अपघातात मानेला मार लागला असेल तर तपासणी होईपर्यंत पट्टा हवाच, आणि अशा माणसाचं डोकं इकडेतिकडे न हलवणं त्याहून महत्त्वाचं. फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रियेनंतरची गोष्टही वेगळी. पण साध्या मानदुखीत, किंवा गाडीला मागून धडक बसून मान हिसकली असेल आणि हाड शाबूत असेल तेव्हा, महिनोन् महिने पट्टा लावल्याने स्नायू आळसावतात आणि मान जास्तच आखडते. कॅनडातल्या क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने १९९५ मध्येच अशा हिसक्यानंतर लवकर हालचाल सुरू करा असं सांगितलं होतं. आपल्याकडे पट्टा अजून कपाटात जपून ठेवतात आणि शेजाऱ्यांना उसना देतात.

सूत्र सहावं: “खांदा निखळला किंवा आखडला, दोन्हीवर उपाय एकच. गळ्यात झोळी, आणि जाणकाराकडून एक झटका.”

इथे मला खरा राग आला, कारण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

खांदा निखळतो तो कबड्डीच्या मैदानावर किंवा दुचाकीवरून पडून. हाड खोबणीतून बाहेर येतं, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. ते ओढून बसवायचा उद्योग मैदानावर करू नये. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, आणि दंडाला वळसा घालणारी नस ताणलेली असू शकते. हात आहे तसा आधाराने धरा, एक्स-रे होऊ द्या. विशीतल्या खेळाडूचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळायचा धोका मोठा. म्हणून बसवल्यानंतर ताकदीचे व्यायाम टाळून सामन्याला उतरू नका.

आखडलेला खांदा म्हणजे फ्रोझन शोल्डर. साधारण चाळिशी ते साठी, बायकांमध्ये जास्त, मधुमेहींमध्ये तर इतरांच्या कितीतरी पट. आधी रात्री ठणका, मग ब्लाउजचा हूक लागत नाही, वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही. एक्स-रे मात्र स्वच्छ येतो. ओळखायची सोपी खूण अशी: कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवा. दुसऱ्याने वळवला तरी वळत नसेल तर सांध्याभोवतीचं आवरणच आवळलंय. एसीच्या वाऱ्याचा यात दोष नाही. ज्यांनी साखर कधी तपासली नाही त्यांना मी आधी ती तपासायला पाठवते, आणि काही जणांना आपला मधुमेह खांद्यामुळेच कळतो.

झोळीत ठेवला तर हा खांदा आणखी आवळतो, आणि झटका दिला तर आवरण फाटून हाडही मोडू शकतं. डॉक्टर भूल देऊन तो सोडवतात, पण ती वेगळी गोष्ट. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भूल देऊन सोडवणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी हे तिन्ही उपाय वर्षभराने जवळपास सारखेच उतरले. तेव्हा सुरुवात सोप्यापासून करावी. ठणक्याच्या काळात सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन उपयोगी पडतं (मधुमेहींची साखर काही दिवस वर जाते, डॉक्टरांना आधी सांगा). मग पुढे वाकून हात लंबकासारखा हलवणं, भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, काठी दोन्ही हातांत धरून दुखरा हात बाहेर ढकलणं. ताण जाणवावा, पण रात्रीची झोप उडेल इतका नको. आणि वेळ लागतो, कधी वर्ष, कधी दोन.

उरलं चौथं सूत्र, “उशी कायमची फेकून द्या.” कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्यातली जागा भरेल एवढी उशी हवी, पाठीवर झोपत असाल तर पातळ. सकाळी मान दुखत नसेल तर आहे ती उशी ठेवा.