न चावणाऱ्यांचा छळ

डास चावतो, म्हणून त्याच्यावर संशोधन करणाऱ्याला समाजात मान असतो. मी ज्या कीटकांचे वर्गीकरण करतो ते दिसायला डासासारखे असले तरी त्यांना चावण्याजोगी सोंडच नसते, आणि त्यामुळे ‘यांच्यामुळे डेंग्यू होतो का?’ या आत्याच्या प्रश्नाला मला दर दिवाळीत नकारार्थी उत्तर द्यावे लागते. त्यानंतर ती चकल्यांचे ताट पुढे सरकवते आणि माझ्या चुलतभावाच्या बढतीची चौकशी करते. या कीटकांच्या कायरोनोमिडी कुळाबद्दल आपुलकी दाखवणारा मला भेटलेला एकमेव गृहस्थ मत्स्यालयाचे सामान विकतो, कारण त्याच्याकडे माशांचे खाद्य म्हणून मिळणारे लाल ‘ब्लडवर्म’ म्हणजे याच कुळातल्या काही चिलटांच्या अळ्या होत. मात्र माझ्या अळ्या लाल नाहीत, हे कळल्यावर त्याचाही रस संपला. गाळात प्राणवायू कमी असतो, म्हणून तिथल्या अळ्यांना अंग लाल करणारे हिमोग्लोबिन लागते; हिमनदीच्या उसळत्या थंड पाण्यात प्राणवायू इतका मुबलक असतो की तिथे ती चैन लागत नाही.

मी हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये, चंद्रा नदीला मिळणाऱ्या ओढ्यांत अळ्या गोळा करतो. तांदी येथे चंद्रेला भागा मिळते आणि पुढच्या नदीला चंद्रभागा म्हणतात, हे ऐकून आईने तिथले पाणी आणायला सांगितले होते. मी आणले, पण त्यात अळ्या होत्या. हिमनदीच्या तोंडाशी, जिथे पाण्याचे तापमान उन्हाळ्यातही दोन अंशांच्या वर जात नाही, तिथे बहुधा डायमेसा या एकाच प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटाचे, राज्य असते. दुपारी बर्फ वितळून ओढा फुगतो, म्हणून पहाटेच त्यात उतरून, प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरून, पायाने दगड ढवळावे लागतात. दळलेल्या खडकाच्या पुडीने पाणी दुधाळ झालेले असल्यामुळे आपला पाय कुठे आहे हे दिसत नाही, आणि थोड्या वेळाने तो जाणवेनासाही होतो.

तथापि हा सगळा सुखाचा भाग झाला. खरी परीक्षा पुण्याला परतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली सुरू होते. अळीचे डोके धडापासून वेगळे करायचे, स्नायू विरघळावेत म्हणून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचे, मग पाण्यातून आणि अल्कोहोलमधून काढून काचपट्टीवरच्या कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक राळेत असे उताणे निजवायचे की हनुवटीच्या जागी असलेली दातेरी पट्टी, म्हणजे मेंटम, सपाट दिसली पाहिजे. अर्धा मिलिमीटरसुद्धा न भरणारे ते डोके वरची काच टेकेपर्यंत अत्यंत सौजन्याने पडून राहते, आणि काच टेकताच कुशीवर वळते. बाल्सम मधासारखा चिकट असल्याने त्याला परत उताणे करणे हा सुईचा आणि संयमाचा प्रश्न असतो. माझ्याकडे सुया भरपूर आहेत. मिशीचा तिसरा सांधा वलयांकित दिसला की उपकुळ ठरते आणि क्षणभर विद्वान झाल्यासारखे वाटते. मग मेंटमचे दात मोजायला घ्यावेत, तर ही अळी जन्मभर दगडावरचे शेवाळ खरवडत आलेली असल्यामुळे ते झिजून पार सपाट झालेले असतात. ज्या दातांच्या संख्येवर माझी उपजीविका अवलंबून आहे ते दात ती माझ्या आधीच वापरून मोकळी झालेली असते.

शिवाय बहुतेक ओळख-तक्ते युरोपातल्या नमुन्यांवरून बेतलेले असल्यामुळे हिमालयातली अळी त्यांतल्या प्रत्येक प्रश्नाला ‘दोन्हीही नाही’ असे उत्तर देते. अळीवरून जात खात्रीने सांगता येत नाही, तर प्रौढ नराची जननेंद्रिये तपासा, असा सल्ला सर्व ग्रंथ देतात. म्हणून मी काही अळ्या थर्मासमधून जिवंत आणून घरच्या फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वाढवायला ठेवल्या. आईने त्या डब्यावर लाल अक्षरांत ‘हे श्रीखंड नाही’ असे लिहिले आणि पाहुण्यांसमोर फ्रिज उघडणे बंद केले. अळ्यांनी कोश केले. पण त्यांतून बाहेर आल्या त्या सगळ्या माद्या.

या कुळाची कागदपत्रे पहिल्यापासूनच गोंधळाची आहेत. योहान मायगन या जर्मन अभ्यासकाने 1800 साली या कीटकांना एक नाव दिले आणि 1803 साली स्वतःच दुसरे दिले. कोणते खरे, याचा निकाल लागायला 1963 साल उजाडले. हे कळल्यापासून आमच्याकडच्या सातबाऱ्याच्या वादांकडे मी जरा प्रेमाने पाहतो.

शिरो कोशिमा या जपानी संशोधकाने नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यातल्या ‘याला’ नावाच्या हिमनदीवर असे एक चिलट शोधले की जे उणे सोळा अंशांतही बर्फावर चालत होते. 1984 साली त्याचा शोधनिबंध आला आणि 1987 साली त्या जातीला ‘डायमेसा कोशिमाई’ हे नाव मिळाले. मला मात्र परीक्षकांनी एवढेच कळवले आहे की अळ्यांच्या जाती मान्य करता येत नाहीत, प्रौढ नर सादर करावेत, आणि डायमेसाचे नर बर्फावर सापडण्याचा एक खात्रीचा काळ म्हणजे थंडीचा. हे घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, “अरे, त्या नरालाच इकडे यायला काय होतं?” कोशिमाई जातीचे पंख आखूड असल्याने तिला उडता येत नाही आणि उडता येणाऱ्या जातींना पुण्याचा उकाडा मानवणार नाही, हे मी तिला आकृत्या काढून समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि डबा आता रिकामा झाला आहे का, असे विचारले.