करटोलीत मटणाच्या 50 पट प्रथिनं नाहीत

पावसाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरू लागतो: करटोलीत मटणापेक्षा 50 पट प्रथिनं असतात, आठवडाभर खा, साखर कायमची जाईल. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

100 ग्रॅम मटणात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. त्याच्या 50 पट म्हणजे 1000 ग्रॅम. ती 100 ग्रॅम भाजीत मावणार कशी? करटोलीत 80 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम, आणि फळभाजीसाठी तेही चांगलंच म्हणायचं. तंतूही भरपूर.

साखरेचं म्हणाल, तर करटोलीच्या अर्कानं उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोग झालेत. पण अर्क वेगळा, ताटातली भाजी वेगळी. हा मेसेज वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती.

भाजी मात्र जरूर खा. कोवळी, हिरवीगार, मऊ काट्यांची करटोली निवडा. पिवळी पडलेली निब्बर निघतात, त्यांच्या बिया दाताखाली येतात. उभ्या फोडी, कांदा, मिरची, वरून ओलं खोबरं. रानातून आणून विकणाऱ्या बायकांशी भावात घासाघीस करू नका. नर आणि मादी वेल वेगळे असतात, आणि फळ धरतं ते फक्त मादी वेलाला.