आशाताई एका ओळीत आटोपल्या?

कोरोनात डॉक्टर-नर्स कसे पिचून गेले ते तुमच्या लेखात चांगलं आलंय, पण आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना, एका ओळीत गुंडाळलं, ते खटकलं. माझी वहिनी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आशा आहे. मार्च २०२० मध्ये तिथल्याच इस्लामपुरात एकाच घरातले रुग्ण निघाले आणि तिची पायपीट सुरू झाली. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही राज्य सरकारची घरोघरी तपासणीची मोहीम आली, मग पिशवीत ऑक्सिमीटर, थर्मल गन नि रजिस्टर घेऊन दारोदार. "तूच घेऊन येशील रोग," म्हणत लोक उंबऱ्यावरूनच पिटाळायचे. घरी आली की आधी परसात अंघोळ, मगच पोराला जवळ घ्यायची. दुसऱ्या लाटेत तर ताटावर बसल्या बसल्या डुलक्या. फोन वाजला की दचकायची, अजूनही दचकते. केंद्राचा कोविड भत्ता तेव्हा महिना १००० रुपये होता, म्हणजे दिवसाला ३३ (त्यात आमच्याकडं भाजीही येत नव्हती). जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, तर आमच्याच गल्लीत कुजबुज, "ऐन साथीत बरं सुचतं यांना!" २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला. वहिनीला सांगितलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं झालं. मागचं मानधन कधी येतंय, ते तेवढं बघा."