लेकरांना शोकांतिका दाखवायला नेताना घ्यायची काळजी

सगळ्यात आधी, दारावरची सूचना वाचू नये. ती वाचण्यासाठी नसतेच. कुण्या रिकामटेकड्या माणसानं (म्हणजे मी) रात्री साडेअकराला बसून, चारदा खोडून ती लिहिलेली असते. तिच्यासमोर लेकराला उभं करून फोटो काढावा. मागच्या रविवारी परभणीत आमच्या मंडळानं शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या शोकांतिकेच्या नाट्यप्रयोगाचं चित्रीकरण पडद्यावर दाखवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत तिघांनी असे फोटो काढले. मागं बोटभर जाड अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘१३ वर्षांखालील मुलांना आणू नये. डोळे काढण्याचं दृश्य, विषप्रयोग, फाशी, आत्महत्या, वेड, शिव्याशाप. मोठ्या मुलांसोबत पालकांनी पूर्ण वेळ बसावं.’ फोटो छान आले असतील. फ्लेक्सवर उजेड चांगला होता.

शोकांतिका म्हणजे संस्कार शिबिर, असं समजून चालावं. ‘म्हातारा बाप, पोरी सांभाळत नाहीत, म्हणजे आपलं नटसम्राटच की’ एवढं कळलं की बास. पोराला आणून बसवलं की तीन तासांनी ते तुम्हाला म्हातारपणी सांभाळायला तयार होऊन बाहेर येतं. माझ्या मागच्या रांगेतल्या आजोबांनी तर पहिल्याच प्रवेशात, राजा लिअर जित्तेपणी राज्य पोरींत वाटतो तिथंच, सार काढून ठेवलं, “जित्तेपणी सातबारा कुणाच्या नावावर करू नये, बघा.” खरं सांगायचं तर अख्ख्या सभागृहात नाटक समजलेला माणूस तोच.

तान्ह्या लेकराला पहिल्या रांगेत घेऊन बसावं आणि कुरकुऱ्यांची पुडी वादळाच्या प्रवेशात फोडावी.

‘नाटकातलं खोटंच असतंय’ असं म्हणत राहावं. असतंच. पण रंगमंदिरात विसाव्या रांगेतून ग्लॉस्टर या म्हाताऱ्या सरदाराचे डोळे काढताना दिसतं काय? दोन पाठमोरी माणसं, एक खुर्ची आणि एक किंकाळी. चित्रीकरणात कॅमेरा थेट तोंडाशी जातो. बोटं दिसतात, रक्त दिसतं, आणि एक डोळा झाला, दुसरा अजून राहिलाय, हेही दिसतं. रंगमंचावर मरण दाखवू नये, हा आपल्याकडचा, भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा दंडक. पण संस्कृत नाटककार भासानं ‘ऊरुभंग’ नाटकात दुर्योधनाला तिथंच मरू दिलं. वाद जुना आहे. पण भरतमुनींच्या पुढ्यात क्लोजअप नव्हता.

शेवट बदलून मागायला लाजू नये. १६८१ साली नेहम टेट नावाच्या गृहस्थानं लिअरचा शेवट गोड केला होता. मूळ नाटकात मरणारी लिअरची धाकटी पोर कॉर्डेलिया जिवंत, वर ग्लॉस्टरच्या मुलाशी, एडगरशी, तिचं लग्न. इंग्लंडच्या रंगभूमीवर जवळपास दीडशे वर्षं हेच चाललं. तिकडंही तुमच्यासारखेच लोक असणार.

सिनेमाच्या प्रमाणपत्रावर ‘यूए’ दिसलं की ‘यू’ (म्हणजे सगळ्यांना चालतो) वाचावं आणि ‘ए’ सोडून द्यावा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं या यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन वाटे केले. नुसता ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्याला दारावर अडवता येतं. यूएमधलं वय मात्र आईबापांनी विचारात घ्यायचं, एवढंच; दारावरच्या माणसाच्या हातात काही नाही. म्हणजे सरकारनं ते काम तुमच्यावर सोपवलं. तुम्ही ते माझ्यावर सोपवलंत.

कारण शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची काळजी ही, की लेकराला आत बसवून आपण चहाला जावं.

माझ्या शेजारी असाच एक बसवला गेला. आठेक वर्षांचा असेल, निळा शर्ट, पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. “काका, जरा लक्ष असू द्या, आलोच,” म्हणून बाप गेला, तो कानाला फोन लावूनच. कुठल्या तरी प्लॉटचं बोलणं चाललं होतं. आम्ही दोघं लिअर बघत राहिलो. डोळ्यांचा प्रवेश आला तेव्हा पोरानं माझी बाही धरली ती सोडलीच नाही. “खरंच काढले का?” नाही रे बाळा, रंग असतो तो, ते काका नंतर तोंड धुऊन घरी जेवायला जातात. “एक काढला होता ना, मग दुसरा कशाला?” यावर मी काय सांगणार? बाहेर चल म्हटलं तर, “पप्पांनी इथंच बस म्हटलंय.” दोनदा बाहेर डोकावलो. पप्पा टपरीवर होते, हातवारे करत. मी खूण केली. त्यांनीही हात वर केला, मला राम राम केल्यासारखा.

पप्पा आले ते कॉर्डेलियाचं प्रेत बापाच्या हातावर असताना. पोरगं हमसून रडत होतं. लगेच आमच्यावर डाफरायला लागले, “असलं दाखवता का लहान लेकरांना? आधी सांगायला काय झालं होतं?” कुठं उभं राहून? त्या फ्लेक्सला टेकून!

काय सांगायचं राहिलं होतं, भाऊ? आठ वर्षांच्या पोराला आत सोडलं ही आमची चूक, कबूल. तुम्ही ‘मी सोबत आहे’ म्हणालात आणि आम्ही ऐकलं. पण तो फ्लेक्स काय लेकराच्या शेजारी येऊन बसणार होता? अपघाताचे व्हिडिओ जेवताना त्याच्या ताटासमोर धरता, तिथं कुणाला वय विचारत नाही. इथं मात्र शेक्सपिअरनं तुमच्या पोराला बिघडवलं! सूचना तुमच्यासाठी होती. पोराला वाचायला नव्हती ठेवली. तीन तास फोन बंद करून त्याच्याजवळ बसता येत नसेल, तर त्याला आणू नका. खेळायला सोडा, आजीकडं ठेवा, काहीही करा. आम्ही पाळणाघर काढलेलं नाही.

आणि रडत रडत त्यानं मला विचारलं होतं, “ती तर चांगली होती ना, मग तिला का मारलं?” मी म्हटलं, पप्पा आले की विचार. त्यानं विचारलंच असेल. सांगितलंत का काही?