कलात सिमान कोणी पाडलं?

नमस्कार. कलात सिमानवरचा माझा लेख वाचून ‘उत्तर सीरियातला हा मठ मुस्लिम आक्रमकांनी उद्ध्वस्त केला, एवढं सरळ वाक्य लिहायला तुमची लेखणी का अडखळली?’ असं तुम्ही विचारलंत. अडखळली नाही. इतकं सरळ घडलेलंच नाही, म्हणून लिहिलं नाही.

सनावळी लावून बघा. उंच खांबावर राहून तपश्चर्येत जवळजवळ तीन तपं काढलेले ख्रिस्ती संत सिमियन 459 मध्ये वारले. त्यानंतर दोन-तीन दशकांतच बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट झेनोच्या काळात त्या खांबाभोवती अष्टकोनी दालन आणि चार दिशांना चार बॅसिलिका, म्हणजे लांबट चर्च, उभ्या राहिल्या. 637-38 च्या सुमारास हा मुलूख अरबांकडे गेला, तरी मठ पुढे तीनशे वर्षं नांदता होता. 969 मध्ये बायझंटाईन फौजेनं अंतियोक शहर परत घेतलं आणि सरहद्द मठाच्या दाराशी आली. मग तट-बुरूज चढले, तेही ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्याच आमदानीत. गड झाला की वेढा पडायचाच, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. 985 मध्ये हलबच्या (अलेप्पोच्या) हमदानी घराण्यातल्या अमिराच्या फौजेनं तो घेतला, साधूंची कत्तल केली, उरलेल्यांना विकायला नेलं. हे भीषणच होतं आणि मूळ लेखात ते आहे. पण मधली तीन शतकं गाळून फक्त तेवढंच सांगायचं, हे मला जमणार नाही.

‘खांबावर चढलेल्या वेड्याचं एवढं कौतुक कशाला?’ हा तुमचा दुसरा टोला. वेडा म्हणायचं तर म्हणा. त्या काळीही नावं ठेवणारे होतेच. पण बिशप थिओडोरेटनं त्यांना प्रत्यक्ष पाहिलं होतं. सिमियन प्रार्थनेत कपाळ पायांच्या बोटांना टेकेपर्यंत वाकत. थिओडोरेटच्या सोबतच्या एकानं हे वाकणं मोजायला घेतलं आणि 1244 वर हात टेकले! दुपारी तीननंतर मात्र हेच सिमियन खाली जमलेल्यांची गाऱ्हाणी ऐकत, तंटे सोडवत. माझं कुतूहल आहे ते या दुपारनंतरच्या माणसाबद्दल.

आणि खांबाचा आज नुसता दगडी गोळा उरलाय, त्याचा दोषही सगळा फौजांवर टाकू नका. प्रसाद म्हणून टवके काढून नेणारे यात्रेकरू काही कमी नव्हते.

राहता राहिले फोटो. ते जुने आहेत आणि मुद्दामच तसे निवडलेत. 2016 च्या हवाई हल्ल्यात वास्तूला मार बसला, 2023 च्या भूकंपानं त्यात भर घातली. चर्चच्या खांबांच्या माथ्यावरची, वाऱ्यानं एका अंगाला कलल्यासारखी ती कोरीव पानं त्याआधीच्या फोटोंत नीट दिसतात. दुसरा फोटो मोठा करून बघा.