वकील कसा लावावा

संसार मोडायचं नक्की झालं असेल तर आता वकील लावायला घ्या. लग्न ठरवताना जशी चौकशी केली होती तशीच इथेही करायची. गाव कुठलं, आडनाव काय, नात्यात कोण, कुणाच्या ओळखीतला. माणूस कसा आहे हे तेव्हा विचारलं नव्हतं, आताही विचारू नका.

पहिला फोन मामांना. प्रत्येक घरात एक मामा असतो आणि त्याचा बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात अठरा वर्षं चालू असतो. म्हणजे मामांच्या वकिलाला अठरा वर्षांचा अनुभव आहे, हे कागदोपत्री सिद्धच झालं. माझ्याही मामांनी असेच वकील दिले. जमिनीच्या दाव्यांत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. घटस्फोटाचा दावा त्यांनी आधी कधी चालवला होता का, हे मी विचारलं नाही. मामांसमोर बरं दिसलं नसतं. माझ्या अर्जात नवऱ्याने काय काय केलं ते दीड परिच्छेदात उरकलं होतं. सासरच्या घराची चतुःसीमा मात्र पूर्वेकडच्या शेवग्यासकट बिनचूक होती.

वकील स्थानिक असावा असं जाणते लोक सांगतात, तेही खरं. फक्त कुठला स्थानिक ते विचारायचं नाही. दावा लग्न लागलं तिथे लावता येतो, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे लावता येतो आणि २००३ च्या दुरुस्तीपासून बायको जिथे राहते तिथेही तिला लावता येतो. मी राहत होते पुण्यात. लग्न लागलं होतं तालुक्याला, आणि साहेबांचं ऑफिसही तालुक्याला, कोर्टासमोर, पहिल्या मजल्यावर. दावा कुठे लागला हे सांगायला नको. दर तारखेला स्वारगेटहून पहाटे साडेपाचची एसटी. पुकारा झाला की साहेबांचे ज्युनिअर उभे राहायचे, मुदतीचा अर्ज द्यायचे, आणि मी परतीच्या एसटीची वाट बघायची. हा दावा काढून घेऊन पुण्यात नव्याने लावेपर्यंत पावणेदोन वर्षं गेली.

तुम्ही मात्र थेट पुण्यालाच आलात तर जिल्हा न्यायालयाच्या मेट्रो स्थानकावर उतरा. मेट्रोचे दोन मार्ग तिथे एकत्र येतात. वर आलात की फाटे फोडायला तुम्ही मोकळे. कोर्टाच्या गेटपाशी एक गृहस्थ हमखास भेटतील. तुमच्या हातातली फाइल आणि चेहऱ्यावरचं पाणी बघून ते हळूच विचारतील, "घटस्फोट का मॅडम? आपले साहेब आहेत." वकिलांनी जाहिरात करू नये, दलाल ठेवू नयेत, नावाची पाटीसुद्धा बेताची असावी, असे बार कौन्सिलचे नियम आहेत. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची कामं करतो एवढं देता येतं. त्यामुळे नियम पाळणारे वकील आपापल्या ऑफिसात कागद वाचत गप्प बसलेले असतात. त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत येणार कसा? गेटवर जो बोलावतोय त्याच्या मागे जा.

पहिल्या भेटीत दोनच प्रश्न विचारायचे. किती दिवसांत मोकळी होईन, आणि समोरच्याला रस्त्यावर आणाल ना? यावर जो वकील म्हणेल, "आधी तुमचे कागद बघतो, मग सांगतो," तो कच्चा. जो म्हणेल, "समुपदेशकांपुढे एकदा बसून बघू, मुलाच्या भेटीचं तरी आपसांत ठरतंय का," तो समोरच्याला मिळालेला. तडजोडीचा प्रयत्न करणं हे कौटुंबिक न्यायालयाचं कर्तव्यच आहे, १९८४ च्या कायद्यात तसं कलम आहे, असं काही तो सांगू लागला तर चहा संपवून उठा. आणि जो टेबलावर हात आपटून म्हणेल, "शंभर टक्के! लिहून घ्या!" त्याला ॲडव्हान्स द्या. लिहून मात्र घेऊ नका.

कलमांचे आकडेही नीट ऐका. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, त्यात सासरच्या छळाच्या ४९८अ चं कलम ८५ झालं आणि पोटगीचं १२५ होतं ते १४४ झालं. ज्याच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत तो जास्त अनुभवी समजायचा.

लढाऊ वकील मिळाला की तो एकावर थांबत नाही. घटस्फोट एका कोर्टात, पोटगी दुसऱ्या, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज तिसऱ्या आणि पोलिसांत तक्रार वेगळी. यातला एकेक अर्ज एकेका बाईला खरोखर तारतो, हे मला मान्य आहे. पण गरज कुठल्याची आहे ते बघून लावायचे असते तर आपण इतके चिडलो कशाला होतो? चार ठिकाणी चार तारखा, चार तारखांची चार फी. समोरचाही मग मागे राहत नाही. माझ्या नवऱ्याने घराला नवं कुलूप लावलं आणि आठवड्याभरात हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावा टाकला, की मी तिला नांदवायला तयार आहे, तिने नांदायला यावं. याच मागणीवर १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सुनावलं होतं. त्यांनी तुरुंग पत्करला. जावं लागलं नाही, दुसऱ्या वर्षी दोन हजार रुपये देऊन त्यांनी सुटका करून घेतली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. आता तुरुंगाची भीती नाही, पण पोटगीचा अर्ज आला की उत्तरादाखल हा दावा हवाच, असं माझ्या नवऱ्याच्या वकिलांचं मत पडलं. माझ्या माहितीप्रमाणे कुलपाची किल्ली अजून नवऱ्याकडेच आहे.

त्या घराबद्दलही माझ्या साहेबांनी मला लगेच गप्प केलं होतं. "घर सासूच्या नावावर आहे ताई, तुमचा काय संबंध?" २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. घराच्या चारी बाजू त्यांनी लिहून काढल्या होत्या. त्या चार बाजूंच्या आत राहायचा हक्क तेवढा मागायचा राहिला.

फीचं बोलणं काढू नका. आपल्यात ते चांगलं दिसत नाही. "बघू हो ताई, घरचंच काम आहे," असं साहेब म्हणाले की समजून हसायचं. घरच्या कामाचा दर बाहेरच्यापेक्षा जास्त असतो हे तिसऱ्या तारखेला कळतं. पावती मागणं म्हणजे अविश्वास. टायपिंग, झेरॉक्स, बेलीफ आणि 'आत द्यावे लागतात ते' असे चार आकडे कारकून वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवतो, त्यातल्या चौथ्याबद्दल तर अवाक्षर काढायचं नाही. पोटगी मिळाली की अमुक टक्के द्या, असं कुणी म्हणालं तर हा माणूस आपल्यासाठी जीव तोडून लढणार म्हणून आनंदाने हो म्हणा. निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला वकिलांना मनाई आहे, पण नियमाचं पुस्तक वाचून कुणी माणुसकी दाखवतं का?

आणि सरकारी वकील, फुकटचा वकील असलं काही कानावर आलं तर नाक मुरडा. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, कोठडीत असलेल्यांनाही. फोन नंबर १५१००. महाराष्ट्रात तर बाईने लावलेल्या घटस्फोटाच्या आणि पोटगीच्या दाव्याला कोर्ट फीसुद्धा १९९४ पासून माफ आहे. पण फुकट मिळतं ते चांगलं कसं असेल, असं माझ्या आईने विचारलं आणि मला ते पटलं. मी पाटल्या मोडल्या. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची निळी पाटी होती, मोफत कायदेविषयक मदत, महिला, बालके वगैरे. तिच्याच खालच्या बाकावर मी दर तारखेला बसायची. पाटी डोक्याच्या मागे होती.

वकिलाला खरं सांगू नका. डॉक्टरपुढे शर्ट काढतो म्हणून वकिलापुढे मनही उघडायचं, असा काही कायदा नाही. क्लासेसचे महिना अठरा हजार मिळतात ते लपवा. पुरुष असाल तर पगारातला भत्ता, भावाच्या नावावरची गाडी आणि गावाकडचा वाटा लपवा. पोटगीच्या मामल्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० पासून घालून दिलंय, पण ते आपल्यासारख्या साध्या माणसांसाठी नसावं. तुमचा वकील मग मोठ्या आत्मविश्वासाने "माझ्या पक्षकाराला एक रुपयाही उत्पन्न नाही" म्हणतो, समोरचा वकील तुमच्याच क्लासचं पत्रक कोर्टापुढे ठेवतो, आणि तुमच्या वकिलाचं तोंड त्या वेळी कसं होतं ते बघण्यासारखं असतं. मी बघितलंय. ते पत्रक मीच छापून घेतलं होतं, चार रंगांत.

वकीलपत्रावर सही करताना खाली दोन-तीन कोरे कागदही असतात. त्यावरही करून टाका, परत बोलवायला नको. दाव्याची प्रत मागू नका. केसचा नंबर विचारू नका. प्रत्येक केसला सोळा अक्षरांचा एक सीएनआर क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं फुकट दिसतं. असलं बघत बसलात तर रात्री साडेनऊला कारकुनाला फोन करून "दादा, उद्या आपलं लागलंय का हो?" विचारण्यातली ओढ निघून जाईल. शिवाय मागच्या सहा तारखांपैकी चार तारखांना समोरच्याने नव्हे तर आपल्याच वकिलाने मुदत मागितली, हे त्यात लिहिलेलं सापडतं. उगाच झोप जाते.

एवढं करून वकील बदलायची वेळ आली तर आधी त्यांची 'ना हरकत' लागते. ती मागायला गेलात की साहेब बैठकीत असतात. फी राहिली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलंय, पण तो निकाल अडकवलेल्या फाइलमध्येच असावा. ग्राहक मंचात जायचा विचार करत असाल तर तो दरवाजा मे २०२४ मध्ये बंद झाला. वकिलाची सेवा त्या कायद्यात बसत नाही. राहिली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडची तक्रार. तक्रार लिहून द्यायला मात्र वकील लागेल, आणि तो पुन्हा कुठून आणायचा हे वर सांगितलंच आहे.

एक गंमत सांगायची राहिली. ज्या कौटुंबिक न्यायालयासाठी आपण एवढा आटापिटा करतो तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्कच नाही. त्याच १९८४ च्या कायद्यात तसं लिहिलंय. वकील हवा असेल तर न्यायालयाकडे परवानगीचा अर्ज करावा लागतो. ती बहुधा मिळते. तो अर्जही वकीलच लिहून देतात.

माझं शेवटी आपसांत झालं. दुसऱ्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत दोन तास फक्त ऐकून घेतलं, फीचा आकडा कागदावर लिहून दिला, पावती दिली आणि म्हणाल्या, "चारांतले तीन अर्ज आपण काढून घेऊ." मला तेव्हा त्या फारशा आवडल्या नव्हत्या. आपसांतल्या घटस्फोटात सहा महिने थांबायची जी अट असते ती न्यायालय माफ करू शकतं हा २०१७ चा निकाल त्यांनी दाखवला, मुलाच्या शनिवार-रविवारचं ठरवून घेतलं आणि पाचव्या तारखेला मी मोकळी झाले. अगदीच अळणी. मामांना तर अजूनही वाटतं की आपण केस हरलो.

परवा भाचीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. "मावशी, एखादा चांगला वकील आहे का गं तुझ्या ओळखीत?" मी वकीलबाईंचा नंबर शोधत होते तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे तसा मामाआजोबांनी एक नंबर दिलाय. अनुभवी आहेत म्हणे. चोवीस वर्षं झाली त्यांच्या बांधाच्या केसला."