लाकडाचा तो भारत-चीन ग्राफ अर्धाच आहे

सध्या एक ग्राफ सगळीकडे फिरतोय. चिरलेल्या हार्डवुडची, म्हणजे सागवानासारख्या रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाची आयात, डॉलरमध्ये. चीनची रेघ उंच चढलेली आणि तळाला भारताची जवळपास आडवी. सोबत लिहिलंय की चीनला लाकूड बाहेरून आणावं लागतं, आपण आपल्या जंगलावर भागवतो, लाकडात आपण आत्मनिर्भर आहोत. आमची वखार आहे, ओंडक्यांवर खेळत मोठा झालोय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट, कस्टमवाले प्रत्येक मालाला एक कोड देतात, त्याला हेडिंग म्हणतात; हा आकडा ४४०७ हेडिंगचा, म्हणजे फक्त चिरलेल्या मालाचा. आपण वर्षानुवर्षं लाकूड आणलं ते अख्ख्या ओंडक्यात, ते जातं ४४०३ मध्ये आणि ग्राफमध्ये ते धरलेलंच नाही. ओंडक्यावर बेसिक ड्युटी ५ टक्के, चिरलेल्यावर १०, मग व्यापारी काय आणणार सांगा? गुजरातेत कांडला बंदरात उतरवायचं आणि गांधीधामला चिरायचं, तिथल्या सॉ मिल त्याच्यावरच तर चालतात. चीन ओंडकेही आपल्यापेक्षा जास्त आणतो, ते मान्य, पण म्हणून आपली आयात शून्य होत नाही.

आणि आपल्या जंगलावर भागवतो म्हणे! १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन केसमध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, जंगलतोडीवर कडक बंधनं आली आणि बाहेरच्या मालावरची भिस्त वाढली. चीनमध्ये १९९८ च्या यांगत्झेच्या पुरानंतर तेच झालं. बल्लारशाचं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेलं, अभिमानच आहे त्याचा, पण पुण्यात फ्लॅटची चौकट घ्यायला गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याच्यापुढे ठेवतो ते मलेशियन साल नाहीतर घाना टीक.

आता आपल्या रेघेत मधेच जी वाढ दिसते तिचंही ऐका. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. मग बर्मा टीक चिरूनच घ्यावं लागलं, आणि ओंडके हवे तर आफ्रिका, इक्वेडोर, पनामाकडे वळावं लागलं. म्हणजे लाकूड वाढलं असं नाही, एका हेडिंगमधून दुसऱ्यात गेलं. प्लायवूडवाल्यांनी तर बाहेर, गॅबॉनसारख्या ठिकाणी कारखाने टाकले आणि व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, आणायला लागले, ते अजून तिसऱ्याच हेडिंगमध्ये, ४४०८.

शिवाय डॉलर म्हणजे लाकूड नव्हे. आयातीच्या किमतीत जहाजाचं भाडं आणि विमा धरलेला असतो, २०२१ मध्ये कंटेनरची भाडी आकाशाला भिडली तेव्हा तेवढ्याच मालाची किंमत कागदावर फुगली. मापाचं पण तसंच. वखारीत ओंडक्याला टेप गुंडाळतात, समजा घेर ४८ इंच आला, त्याचा चौथा भाग १२ इंच म्हणजे १ फूट, त्याचा वर्ग गुणिले लांबी ८ फूट, झाले ८ घनफूट. भूमितीने काढा, त्याच ओंडक्यात १० घनफुटांच्या वर लाकूड भरतं. आता कुठल्या मापाचे आकडे शेजारी ठेवलेत हे न बघता दोन देशांची तुलना कशी करणार?

आणि चीन जे आणतो त्यातलं बरंच फर्निचर होऊन परत बाहेर जातं, आपलं मात्र बहुतेक आपल्याच घरांच्या दाराखिडक्यांत बसतं. त्यामुळे ग्राफ काढायचाच असेल तर ४४०३, ४४०७, ४४०८ तिन्ही घ्या, शेजारी घनमीटर लावा, आणि मग तो शेअर करा.